जुन्या किटमधून टी-३४ रणगाडा: पेटी उघडण्यापासून शेवटच्या धुळीपर्यंत

कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेलं एखादं जुनं टँक किट (प्लास्टिकचे सुटे पार्ट जोडून मॉडेल बनवायचा संच) बऱ्याच जणांकडे असतं, पेटीचे कोपरे फाटलेले, सूचनांचा कागद पिवळा पडलेला, पार्ट धरून ठेवणारी एखादी फ्रेम मोडलेली. आणि आजकाल कुणाला विचारलं की लगेच उत्तर येतं, सोड रे ते, नवीन घे, नव्यात सहाशे पार्ट येतात. मला हे अजिबात पटत नाही. जुन्या किटमध्ये पार्ट कमी असतात पण मूळ आकार बरेचदा बरोबर असतो, आणि तो टँक खेळण्यासारखा दिसतो त्याला कारणं फक्त तीन असतात: पत्रे फार जाड, पृष्ठभाग फार गुळगुळीत आणि ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचे साखळीपट्टे, हवेत तरंगणारे. या तीन गोष्टींवर वेळ घालवला की बाकीच्या चुका कुणाच्या डोळ्यात येत नाहीत. म्हणून या लेखात मी याच तीन ठिकाणी जास्त रेंगाळणार आहे, बाकीचं पटापट.

उदाहरणाला १/३५ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या मापाचा, सोव्हिएत टी-३४/७६ घेतोय, १९४३ च्या सुमाराचा, कारण एक तर जुन्या किटांमध्ये तो खूप सापडतो आणि दुसरं म्हणजे खरा टी-३४ इतका घाईत आणि इतक्या वेगवेगळ्या कारखान्यांत बनला की त्यात खडबडीतपणा, वाकडे वेल्ड, असमान कडा हे सगळं मुळातच आहे. निझनी तागिल, चेल्याबिन्स्क, गोर्कीचा क्रास्नोये सोरमोवो, १९४२ पर्यंत स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना, प्रत्येकाच्या टँकमध्ये काही ना काही फरक. त्यामुळे एखादा जुना फोटो समोर ठेवा आणि त्याच एका टँकचं मॉडेल करा. दहा फोटो बघून सगळ्यांतलं थोडं थोडं घेतलं की असा टँक तयार होतो जो कुठल्याच कारखान्यातून कधी बाहेर पडलेला नाही.

आधी मोजायचं, मग धुवायचं

ब्लेड हातात घेण्याआधी पट्टी घ्या. खरा टँक ३ मीटर रुंद, म्हणजे मॉडेल साधारण ८६ मिमी यायला पाहिजे. मोठं चाक ८३० मिमी व्यासाचं, म्हणजे मॉडेलवर २४ मिमीला जरा कमी. हे दोन आकडे मिलिमीटरभराच्या फरकाने जुळले तर किट चांगलं आहे, कामाला लागा. चाकं पार लहान निघाली तर मात्र विचार करा, कारण टी-३४ ची सगळी ओळख त्या पाच मोठ्या चाकांत आहे आणि ती चूक कशानेही झाकली जात नाही.

मग सूचनांच्या कागदावरच्या फ्रेमच्या चित्राशी एकेक पार्ट ताडून बघा. पिशवीच्या तळाशी बारीक पार्ट सुटून पडलेले असतात, पिशवी फेकायच्या आधी उजेडात धरून झटका. जे नाही त्याची यादी करा. हुक, हँडल, टूल असलं काही हरवलं असेल तर काळजी नको, ते तारेतून आणि प्लास्टिक शीटमधून बनतं. चाक किंवा हॅच (आत शिरायच्या दाराचं झाकण) हरवलं असेल तर तेवढंच शोधावं लागेल, किंवा ती हॅच उघडी दाखवून त्यात ड्रायव्हर बसवायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेटी उघडल्या उघडल्या व्हिनाइलचे ट्रॅक बाहेर काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. मी हे एकदा केलं नव्हतं. किट आणून वर्षभर तसंच ठेवलं, ट्रॅकची गुंडाळी वरच्या हलवर (हल म्हणजे टँकचं धड) टेकून होती, आणि उचलली तर इंजिन डेकवर ट्रॅकच्या कड्यांची अख्खी नक्षी उमटलेली, अर्धा मिलिमीटर खोल, प्लास्टिक विरघळल्यासारखं चिकट. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जो प्लास्टिसायझर घालतात तो हळूहळू बाहेर येतो आणि किटच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, खातो. रबरी टायर असलेल्या किटमध्ये चाकांचंही हेच होतं. तुमच्या पेटीत असं झालेलं असेल तर तो चिकट थर ब्लेडने खरवडून काढा, खालचं घट्ट प्लास्टिक लागेपर्यंत, आणि मग पुट्टी भरा. वरून नुसती पुट्टी लावली तर ती काही दिवसांत सुटते.

धुताना कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश. साच्यातून पार्ट सुटावा म्हणून लावलेलं तेल जुन्या पार्टवर अजून असतं आणि त्याच्यावर रंग धरत नाही. गरम पाणी नको, पातळ पार्ट वाकतात.

पार्ट आधीच वाकलेला असेल तर मात्र गरम पाणीच लागतं. कढत, पण उकळतं नाही. पार्ट त्यात अर्धा मिनिट, बाहेर काढून काचेच्या तुकड्यावर सरळ करून टेपने बांधायचा आणि तसाच गार पाण्यात. एका वेळी थोडंच सरळ करा, दोनतीनदा करावं लागलं तरी चालेल. जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं, एका झटक्यात सरळ करायला गेलात तर कट्कन तुटतं.

पार्ट फ्रेममधून काढतानाही हेच लक्षात ठेवा. निपरने एकदम मुळाशी कापू नका, आधी थोडं लांब कापा, मग जवळ, मग शेवटचा ठिपका ब्लेडने. बारीक पार्टला निपरसुद्धा नको, पातळ दात्यांची करवत वापरा, वेळ लागतो पण पार्ट वाचतो.

हल आणि ती मोटरची भोकं

जुन्या टँक किटांच्या तळाला भोकं का असतात हे नव्या लोकांना कळत नाही. त्या काळी ही किटं मोटरवर चालायची. तामिया या जपानी कंपनीचं १/३५ स्केल मुळात तिथूनच आलं, साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं तेव्हा आत बॅटरी आणि गिअरबॉक्स बसेल अशा मापाने ते केलं आणि पुढे सगळ्या जगाने तेच माप धरलं. म्हणजे तळाच्या स्विचचं भोक ही या छंदाची एक खूणच आहे. तरीपण बुजवायचं आहेच, निदान जी बाजूने दिसतात ती. आतून १ मिमी जाडीचं प्लास्टिक शीट चिकटवा, बाहेरून खड्डा राहतो तो भरा, वाळल्यावर घासा. मॉडेल बेसवर पक्कं बसणार असेल तर पोटाखालची भोकं सोडून द्या, तो वेळ फेंडरवर (ट्रॅकवरच्या पत्र्यावर) घालवा.

खड्डे भरायला मी तयार पुट्टीपेक्षा स्प्रूची, म्हणजे त्या फ्रेमच्याच प्लास्टिकची, पेस्ट वापरतो. लिक्विड सिमेंटची (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या पातळ गोंदाची) अर्धी बाटली घ्यायची, त्यात त्याच किटच्या उरलेल्या फ्रेमचे बारीक तुकडे टाकायचे आणि रात्रभर ठेवायचं, सकाळी मधासारखं घट्ट झालेलं असतं. फायदा असा की वाळल्यावर ते त्याच प्लास्टिकइतकं कडक होतं, घासताना आजूबाजूपेक्षा मऊ किंवा कठीण लागत नाही. तोटा असा की आक्रसतं, त्यामुळे भरताना थोडं वर आलेलं ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका. हे दोन दिवस खरंच थांबा, मी एका संध्याकाळी घासलं आणि आठवड्याने रंगाखाली त्याच जागी खळगा पडला.

दुसरी भोकाची जागा लवकर लक्षात येत नाही. वरचं हल आणि खालचं हल जोडलं की ट्रॅकच्या वर, फेंडरच्या खाली, आतली पोकळी उघडी राहते. समोरून वाकून बघितलं तर टँकच्या आरपार उजेड दिसतो आणि तो दिसला की संपलंच, मग ते पोलाद वाटतच नाही. कागद आत धरून पेन्सिलने आकार उतरवा, कापा, बसतोय का बघा, नीट बसला की त्यावरून अर्धा मिमीचं शीट कापून आतून चिकटवा. दोन्ही बाजू वेगळ्या मापा, जुन्या साच्यात डावं-उजवं एकसारखं असेलच असं नाही.

वरचं-खालचं हल जोडताना मध्ये फट राहिली तर रबरबँडने आवळून चिकटवण्याचा मोह होतो. तो टाळा. ताणाखाली चिकटवलेला जोड वर्षभराने उघडतो. आत प्लास्टिकची पट्टी टेकू म्हणून लावा, दोन्ही भाग सैल हाताने जुळले पाहिजेत, मगच सिमेंट.

पत्र्याची जाडी

आता खरं काम. किटचा फेंडर मोजा, बहुतेक जुन्या किटमध्ये १ मिमीच्या आसपास भरतो. याला ३५ ने गुणा. ३५ मिमी! टी-३४ च्या हलचं चिलखतच ४५ मिमीचं होतं, म्हणजे किटप्रमाणे चिखल अडवायचा साधा पत्रा जवळजवळ चिलखताएवढा जाड झाला. डोळ्याला आकडा कळत नाही पण ते जडपण कळतं आणि मॉडेल खेळण्यासारखं वाटतं ते इथूनच.

अख्खा फेंडर पातळ करायची गरज नाही, फक्त कड. टँक उलटा धरा, फेंडरच्या खालच्या बाजूने ब्लेड आडवं, जवळजवळ झोपवून धरा आणि आतून बाहेर खरवडत या, कडेपासून ३-४ मिमीची पट्टी तिरकी होत गेली पाहिजे. कापायचं नाही, खरवडायचं, प्लास्टिकची केसासारखी वळलेली सालं निघतात ती बरोबर खूण. मधूनमधून दिव्यासमोर धरा, कड पातळ झाली की तिथून उजेड हलकासा झिरपतो. तो झिरपला की थांबा. मग शेवटचा हात ६०० नंबरच्या सँडपेपरने.

पातळ झालेल्या कडेचा अजून एक फायदा म्हणजे ती वाकवता येते. खऱ्या टँकचे पुढचे फेंडर झाडाला, भिंतीला, दुसऱ्या टँकला घासून चेपलेले असायचे. पक्कडीची टोकं गरम पाण्यात धरून कोपऱ्याला हलकेच चिमटा द्या, एक कोपरा वर, दुसरा जरासा आत. दोन्ही बाजूंना सारखाच चेप देऊ नका.

टूल्सवरचे पट्टे, हॅचच्या कडा, हेडलाइटचं कवच, जिथे जिथे उघडी कड दिसते तिथे हाच नियम. साच्यातच हलवर ओतलेली हँडल असतील तर ती ब्लेडने सपाट करून टाका आणि ०.६ मिमीच्या तांब्याच्या तारेतून नवीन करा. टी-३४ वर ही हँडल भरपूर असतात कारण पायदळाचे सैनिक टँकवर बसून जायचे आणि त्यांना धरायला काहीतरी हवं. सगळी एकसारखी यावीत म्हणून प्लास्टिकची एक पट्टी हँडलच्या रुंदीची कापा आणि प्रत्येक तार तिच्यावरच वाकवा. हाताच्या ड्रिलने ०.६ ची भोकं पाडा, तार आत घाला, तीच पट्टी खाली ठेवून उंची सारखी करा, मग आतून सुपरग्लूचा थेंब. बाहेरून ग्लू लावला तर पांढरा डाग उमटतो.

टरेटची कातडी

टी-३४ च्या बहुतेक टरेट (तोफ बसवलेला वरचा फिरता बुरूज) ओतीव पोलादाच्या होत्या. काही वेल्ड केलेल्या, काही उरलमाशच्या दाबून केलेल्या, पण किटमध्ये बहुधा ओतीवच असते, आणि ती किटमध्ये अंड्याच्या टरफलासारखी गुळगुळीत येते. ओतीव पोलाद वाळूच्या साच्याची सगळी खडबड घेऊन बाहेर येतं, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठलेली एक ओबडधोबड रेघही असते.

हे करायची पद्धत सोपी आहे आणि मजेची पण आहे. घट्ट प्रायमर (रंगाआधी द्यायचा थर) घ्या, मिस्टर सरफेसर ५०० सारखा, जुना ताठ केसांचा ब्रश घ्या, केस अर्धे कापून टाका. तळहाताएवढा नाही, नखाएवढा भाग घ्यायचा, त्यावर प्रायमर लावायचा आणि तो ओला असतानाच ब्रश उभा धरून टोचत राहायचं. पंधरावीस सेकंदांनी तो ओढला जायला लागतो आणि बारीक टोकं उभी राहतात. पुढच्या नखाएवढ्या भागाकडे जा. पूर्ण वाळल्यावर ४०० च्या पेपरने वरवर हात फिरवा, टोकं मोडतात, खळगे राहतात, आणि बोट फिरवलं तर संत्र्याच्या सालीसारखं लागतं. फार लागलं तर अजून घासा. १/३५ मध्ये खडबड जाणवली पाहिजे, मोजता यायला नको.

एक चूक मात्र खूप जण करतात, तोच पोत हलवर पण देतात. हल लाटलेल्या सपाट पोलादी पाट्यांचं आहे, ते सपाटच राहू द्या. हलवर दिसतात ते वेल्ड. त्यासाठी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर धरून फिरवायचा, मऊ झाला की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ताणायचा, दोऱ्यासारखा होतो. तो पाट्यांच्या जोडावर ठेवा, वरून लिक्विड सिमेंट फिरवा, दहा मिनिटं थांबा म्हणजे लोण्यासारखा मऊ होईल, आणि मग गोल टोकाच्या ब्लेडने एकमेकींना लागून चंद्रकोरी दाबत जा. युद्धकाळातल्या टी-३४ चे वेल्ड चांगले रुंद आणि वेडेवाकडे आहेत, हात हलला तरी काही बिघडत नाही. पाट्यांच्या उघड्या टोकांना कानसेने उभ्या बारीक रेघा मारा, गॅसने कापलेल्या पोलादाच्या कडेला तशाच खाचा असतात.

तोफेची नळी जुन्या किटमध्ये दोन अर्ध्यांत येते आणि लोक ती घासून घासून अंडाकृती करून ठेवतात. दोन्ही अर्ध्यांना भरपूर सिमेंट लावा, दाबल्यावर जोडातून वितळलेलं प्लास्टिक बाहेर आलं पाहिजे, दोन दिवस वाळू द्या, मग ते वर आलेलं प्लास्टिक ब्लेडच्या पाठीने खरवडून काढा. सँडपेपरची पट्टी लांबीच्या दिशेने चालवायची नाही, नळीभोवती तिरकी गुंडाळून फिरवायची. तोंडाचं भोक ७६.२ मिमी तोफेचं आहे म्हणजे मॉडेलवर जवळजवळ २.२ मिमी, आधी मधोमध सुईने खूण, मग १ मिमीचं ड्रिल, मग दीडचं, मग शेवटचं. सरळ मोठ्या ड्रिलने गेलात की भोक एका बाजूला सरकतं आणि ते अगदी समोर असतं.

चाकं आणि ट्रॅक

टी-३४ ला एका बाजूला पाच चाकं, प्रत्येक चाक दोन चकत्यांचं, म्हणजे एकूण वीस चकत्या. प्रत्येकीच्या कडेवर साच्याची रेघ असते ती खरवडायची, कंटाळा येतो पण रबराच्या मधोमध रेघ दिसली तर नजर तिथेच जाते. चाकं लावताना हल काचेवर ठेवा, सिमेंट ओलं असतानाच सगळी चाकं काचेला टेकवा आणि वरून बघा एका रेषेत आहेत का. एक जरी चाक वर राहिलं तर ट्रॅकखाली फट दिसते.

टी-३४ ला ट्रॅक वरून परत येताना टेकवायला वेगळे छोटे रोलर नसतात. ट्रॅक सरळ मोठ्या चाकांच्या डोक्यावर पडतो, वजनाने टेकतो आणि दोन चाकांच्या मध्ये जरासा लोंबतो. व्हिनाइलचा ट्रॅक मात्र पट्ट्यासारखा ताणून बसतो, चाकांच्या वर हवेत. तुमचं बाकीचं सगळं काम उत्तम असलं तरी हा एक तरंगणारा ट्रॅक सगळ्यावर पाणी फिरवतो.

पैसे घालायची तयारी असेल तर सुट्या कड्यांचे ट्रॅक लावा, तेच उत्तम. पण व्हिनाइलचेसुद्धा बसवता येतात. आधी साबणाने धुवा. प्लास्टिकचं सिमेंट त्यावर चालत नाही, आणि टोकं जोडायला गरम स्क्रूड्रायव्हरने खुंट्या दाबतात त्या जुन्या ट्रॅकमध्ये हमखास सुटतात, म्हणून मी काळ्या दोऱ्याने दोन टाके घालतो आणि तो जोड फेंडरखाली लपवतो. ट्रॅक चिकटलेला नसून ताणलेला असेल तर काही वर्षांत तो मागचं किंवा पुढचं चाक वाकवतो, त्यामुळे ट्रॅक आखूड वाटला तर ट्रॅक वळवणारं पुढचं आयडलर चाक थोडं मागे घ्या.

मग मुख्य गोष्ट. ट्रॅक चाकांवर बोटाने खाली दाबून धरा, दोन चाकांच्या मधल्या जागी, ट्रॅकच्या लगेच वर, हलच्या बाजूला ०.५ मिमीचं भोक पाडा, आणि त्यात तारेचा तुकडा आडवा घाला, ट्रॅकची आतली अर्धी रुंदी झाकेल इतका लांब. ती तार ट्रॅकला वरून दाबून ठेवते. प्रत्येक दोन चाकांमध्ये एक. वर फेंडर असल्याने काही दिसत नाही. चाकाच्या डोक्यावर सुपरग्लूचा एक थेंब द्या, ट्रॅक आणि फेंडरच्या मध्ये स्पंजचे तुकडे कोंबा आणि रात्रभर सोडा. सकाळी स्पंज काढला की ट्रॅक जड दिसतो, बसलेला दिसतो, आणि पहिल्यांदाच असं वाटतं की या वस्तूला वजन आहे.

चाकांना आणि ट्रॅकला हे सगळं चिकटवायच्या आधी रंग द्या. प्लास्टिसायझर चाकांत जाऊ नये म्हणून मध्ये रंगाचा थर असलेला बरा, आणि नंतर ट्रॅकच्या मागे ब्रश जातच नाही. चाकाचं रबर रंगवायला चाक टूथपिकवर खोचा, ब्रश स्थिर धरा आणि चाक फिरवा.

रंग

लॅकर प्रायमर आणि थिनर वापरताना खिडकी उघडी आणि कार्बन फिल्टरचा मास्क, यात सवलत नाही. घासताना शक्यतो ओला सँडपेपर, धूळ उडत नाही.

आधी सगळीकडे राखाडी प्रायमर. त्याने राहिलेल्या फटी, रेघा, बोटांचे ठसे सगळं उघडं पडतं, दुरुस्त करा, परत त्या जागी प्रायमर. मग खाचांत, चाकांच्या मागे, टरेटखाली काळपट तपकिरी. त्यावर ॲक्रिलिकमधला सोव्हिएत हिरवा, ज्याला ४बीओ म्हणतात. बाटलीतला रंग थेट लावला तर इतक्या लहान वस्तूवर तो गडद वाटतो, म्हणून पहिला थर तसाच, दुसऱ्यात थोडा पिवळसर बफ मिसळून फक्त वरच्या, ऊन पडणाऱ्या पाट्यांवर. एअरब्रश असेल तर रंग दुधासारखा पातळ आणि दाब साधारण १ बार. नसेल तर रुंद मऊ ब्रश आणि पातळ थर, पाचसहा लागले तरी हरकत नाही, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. ब्रशने रंगवलेल्या टी-३४ वर थोडे फटकारे दिसले तर मला ते आवडतात, खरे टँकही काही फार प्रेमाने रंगवलेले नसायचे.

मग ग्लॉस वार्निश, मग डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं). जुने डिकल पिवळे पडले असतील तर शीट खिडकीच्या काचेला उन्हाकडे तोंड करून टेपने लावा, काही दिवसांत बराचसा पिवळेपणा जातो. नको असलेला एक डिकल पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर बाकीच्या शीटवर ग्लॉस वार्निशचा थर देऊन वाळवा आणि प्रत्येक डिकल छापाच्या अगदी कडेने कापा. तरीही जमलं नाही तर हाताने काढा! टी-३४ वरचे आकडे आणि घोषणा बहुतेक हातानेच रंगवलेल्या असायच्या, अक्षर वाकडं, रंग कुठे दाट कुठे विरळ. पेन्सिलने हलकी खूण करून ऑफव्हाइट रंगाने बारीक ब्रशने काढलेला आकडा छापील डिकलपेक्षा खरा वाटतो.

वॉशसाठी (फटींत उतरणाऱ्या पातळ रंगासाठी) गडद तपकिरी ऑइल पेंट आणि वास नसलेला थिनर. अख्ख्या टँकवर फासू नका, बारीक ब्रशने फक्त बोल्टच्या बुडाशी, वेल्डच्या बाजूने, हॅचच्या फटीत टेकवा, तो आपणच पळत जातो. जास्त झालं तर अर्ध्या तासाने थिनरच्या कोरड्याशा ब्रशने वरून खाली ओढा. खालचा रंग ॲक्रिलिक असल्याने सुटत नाही.

रंग उडालेला दाखवताना हात आखडता ठेवा. स्पंजचा कपटा गडद राखाडी-तपकिरीत बुडवून, बहुतेक रंग कागदावर टिपून, मग हॅचच्या कडेला आणि सैनिक चढतात-उतरतात तिथेच टेकवा. गंज भरपूर लावायचा असेल तर मागच्या दोन एक्झॉस्टवर लावा, तिथे तो शोभतो, नारिंगी-तपकिरी पावडर आणि तोंडाशी काजळी. ट्रॅक चंदेरी रंगवू नका. गडद तपकिरी, त्यावर मातीचा वॉश, आणि जमिनीला लागणाऱ्या उठावांवर फक्त शिसपेन्सिलची पूड बोटाने चोळायची. तिथे येणारी चमक धातूच्या रंगाने कधीच येत नाही.

शेवटी मॅट वार्निश आणि त्यानंतर धूळ, धुळीवर वार्निश मारलं की ती निम्मी गायब होते. मातीच्या दोन-तीन छटांची पिगमेंट पावडर चाकांवर, खालच्या हलवर, फेंडरच्या कोपऱ्यांत कोरडी टाकायची आणि थिनरचा थेंब शेजारी टेकवायचा, तो पावडरीत झिरपत जातो. वाळल्यावर सैनिक जिथे बसतात त्या इंजिन डेकवरची आणि हँडलवरची धूळ बोटाने पुसून काढा. डिझेलच्या पिंपाच्या झाकणाखाली चमकदार काळपट ओघळ एकच द्या. हेडलाइटच्या वाटीत चंदेरी ठिपका आणि त्यावर पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाचा एक थेंब, रात्रीतून पारदर्शक होऊन काच तयार होते. अँटेना तेवढी अगदी शेवटी लावा, ताणलेल्या स्प्रूची, नाहीतर आतापर्यंत चारदा मोडलेली असते.